मानसोपचार वॉर्डातल्या नर्सेससाठी क्लिनिकल सुपरव्हिजन कसं चालवावं

राउंड म्हणजे सुपरव्हिजन नव्हे, ओव्हर (ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरला दिलेली माहिती) नव्हे आणि मेमो तर मुळीच नव्हे. नर्स आपल्या कामातला एक प्रसंग घेऊन अनुभवी सहकाऱ्यासमोर बसते आणि दोघी मिळून तो उलगडतात. सुपरव्हिजनवर लिहिणाऱ्या ब्रिटिश तज्ज्ञ ब्रिजिड प्रॉक्टर यांनी १९८० च्या दशकात याची तीन कामं मांडली: कामाचा दर्जा राखणं, कौशल्य वाढवणं आणि काम करणाऱ्याचं मन सावरणं. आपल्याकडे सगळा जोर पहिल्यावर जातो, म्हणून नर्सला ती चौकशी वाटते.

त्यामुळे रजा मंजूर करणारी किंवा गोपनीय अहवाल लिहिणारी इन्चार्ज सिस्टर सुपरव्हायझर नकोच. तिच्यासमोर चूक कोण कबूल करणार? आपल्या जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांपैकी दुसऱ्या जिल्ह्यातली अनुभवी नर्स फोनवरून चालेल. धडगाव-अक्कलकुव्याकडे व्हिडिओ तुटत असेल तर साधा कॉल करा. रुग्णाचं नाव, गाव सांगू नका, केसपेपरचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २३ नुसार गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे.

महिन्यातून एकदा, ४५ ते ६० मिनिटं. गट असेल तर चार ते सहा जणी, जास्त नाही. वेळ ड्युटी रोस्टरमध्येच लिहून घ्या. नाईट उतरलेल्या सिस्टरला सकाळी बसवलं तर ती फक्त मान हलवते.

पहिली पाच मिनिटं मागच्या निर्णयाचं काय झालं यावर. मग दहा मिनिटं नर्स बोलते, मध्ये कोणी तोंड घालायचं नाही. त्यानंतरची वीस-पंचवीस मिनिटं प्रश्नांची, आणि खरी मेहनत इथेच आहे. समजा, मे महिन्यात लिथियमवरचा (मूड स्थिर ठेवणारं औषध) शेतमजूर उलट्या, जुलाब, हात थरथरणं आणि तोल जाणं घेऊन आला आणि नर्सने ते ऊन लागलं असं धरलं. ‘लक्षात कसं आलं नाही?’ असं विचारलंत तर बैठक तिथेच संपली. विचारा: किती दिवस उन्हात होता? पाणी, मीठ पोटात जात होतं का? अंगदुखीसाठी आयबुप्रोफेनसारखी गोळी घेतली होती का? लिथियम थांबवून डॉक्टरांना कधी कळवायला हवं होतं? घामाने पाणी आणि सोडियम कमी झालं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं आणि रक्तातली पातळी चढते; ही साखळी तिने स्वतः जोडली की पुढच्या उन्हाळ्यात विसरत नाही. तब्येत ठीक असताना लिथियमच्या नेहमीच्या तपासणीचं रक्त शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी घ्यायचं. विषबाधेचा संशय असेल तर तेवढं थांबायचं नाही.

भाषेकडेही लक्ष हवं. रुग्ण अहिराणीत ‘मना जीव घाबरस’ (माझा जीव घाबरतो) म्हणाला आणि नोंदीत नुसतं ‘चिंता’ लिहिलं, तर छातीत धडधड होती की कोणी मारेल ही भीती, ते हरवतं. त्याचेच शब्द लिहा, मग अर्थ.

रुग्णाला बांधण्याचा प्रसंग असेल तर त्याच कायद्याचं कलम ९७ समोर ठेवा: शिक्षा म्हणून किंवा माणसं कमी म्हणून बांधता येत नाही. पण नर्स घाबरली होती का, हेही विचारा. हा प्रश्न विचारायचा राहिला की पुढच्या वेळी बांधायचा पट्टा आणखी लवकर हातात येतो.

शेवटी एकच निर्णय, तारखेसह, नर्सच्या वहीत. वही तिचीच राहते. रुग्णाच्या जिवाला धोका दिसला तर मात्र ते गुप्त राहणार नाही, हे पहिल्याच बैठकीत सांगून ठेवा.