‘हिज’ म्हणजे नक्की कोणाची? वडोदऱ्यात भाषेचे प्रयोग करू पाहणाऱ्यांसाठी

सयाजीराव विद्यापीठात भाषाशास्त्राकडे वळलेल्या नव्या मुलांना प्रयोग म्हणजे प्रश्नावली वाटते. वाक्य छापायचं, खाली ‘अर्थ काय?’ विचारायचं, झालं! सर्वनामांना ही युक्ती लागू पडत नाही.

‘एव्हरी बॉय वॉश्ड हिज बायसिकल’ हे इंग्रजी वाक्य घ्या. प्रत्येकाने स्वतःची धुतली, किंवा सगळ्यांनी तिसऱ्याच कोणाची तरी. अर्थ विचारलात तर लोक पहिला सांगून मोकळे होतात. दुसरा त्यांना मान्य आहे की नाही, हे कळतच नाही.

म्हणून आधी गोष्ट सांगायची, मग ते वाक्य त्या गोष्टीला धरून खरं की खोटं, एवढंच विचारायचं. स्टीफन क्रेन आणि रोझलिंड थॉर्नटन या भाषाशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये ही पद्धत सविस्तर मांडली, मुख्यतः लहान मुलांसाठी. मोठ्यांवरही ती चालते. माझं एक चित्र असं: वाड्याचं अंगण, तीन मुलं, काका, चार चिखलाने माखलेल्या सायकली. मुलं आधी आपापल्या धुवायला निघतात, मग बेत बदलून तिघं काकांचीच घासतात. हा बदललेला बेत गाळू नका. नाहीतर ‘नाही’ म्हणायला समोरच्याला आधारच उरत नाही. गोष्टीचं शेवटचं वाक्य काकांबद्दलचं ठेवा, म्हणजे ‘हिज’ला चिकटायला माणूस ताजा असतो. आता कोणी ‘खरं’ म्हणालं, तर काकांचा अर्थ त्याला चालतो. ‘खोटं’ म्हणालं की लगेच कारण विचारा. ‘मुलांच्या सायकली तशाच मळक्या आहेत’ हे कामाचं उत्तर. ‘एकाने नीट घासली नाही’ हे बाजूला काढा. त्याच चित्रावर ‘नो बॉय वॉश्ड हिज बायसिकल’ (एकाही मुलाने धुतली नाही) हे वाक्य दुसऱ्या गटाला द्या: तिथे ‘खरं’ म्हणजे स्वतःच्या सायकलीचा अर्थ.

आपल्याकडची खरी मजा पुढेच आहे. घरी मराठी, बाजारात गुजराती. मराठीत ‘आपली’ आणि ‘त्याची’, गुजरातीत ‘पोतानी’ आणि ‘एनी’ अशी वाटणी आहे, पहिला शब्द स्वतःसाठी, दुसरा दुसऱ्या कोणासाठी; इंग्रजीत एकटा ‘हिज’ दोन्ही कामं करतो. ‘त्याची’ची सवय ‘हिज’वर लादली जाते का, हाच तपासायचा प्रश्न. म्हणून सूचना मराठीत देताना हे शब्द तोंडातून जाऊ देऊ नका, उत्तर तिथेच फुटतं. शिवाय ‘एनी’वरून मालक पुरुष की स्त्री ते कळत नाही, तेव्हा एका चित्रात मुलगे-मुली मिसळू नका. शाळेचं माध्यम मात्र प्रत्येकाला विचारून ठेवा.

दांडिया बाजारातल्या जुन्या मराठी घरांत माणसं आनंदाने बसतात, पण चिवड्याची बशी येते आणि पाठोपाठ आतून आवाज, “अगं, काकांचीच ती!” अशा वेळी तो प्रश्न रद्द. शक्यतो एकेकाला वेगळ्या खोलीत घ्या.

विश्लेषणात टक्केवारीची सरासरी काढून थांबू नका. एकाच माणसाची अनेक उत्तरं असतात, त्यामुळे माणसामाणसांतला आणि वाक्यावाक्यांतला फरक दोन्ही धरणारं मिश्र लॉजिस्टिक मॉडेल (खरं-खोटं अशा दोनच पर्यायांच्या उत्तरांसाठीचं संख्याशास्त्रीय गणित) लागतं; ‘आर’ या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेतलं ‘एलएमईफोर’ (lme4) हे पॅकेज त्यासाठी पुरतं. ते शिकायला माणसं गोळा करण्याआधीच बसा.