बशी रंगवायला बसण्याआधी

सगळ्यात आधी बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा. साधा अ‍ॅक्रिलिक चिनीमातीवर दिसतो छान, पण दोन धुण्यांत सालीसारखा सुटतो. हवा तो पोर्सिलेनचा रंग, घरच्या ओव्हनमध्ये पक्का होणारा. कारखान्यात चकाकीवर (चिनीमातीवरच्या काचेसारख्या थरावर) केलेलं काम साधारण 800 अंशांना भाजतात, तिथे चकाकी मऊ होऊन रंगाला धरून ठेवते. आपला रंग मात्र चकाकीवर नुसता बसलेला असतो. म्हणून अन्न टेकेल ती जागा कोरीच ठेवायची. नक्षी काठाच्या बाहेरून किंवा मागच्या बाजूला. कपाच्या कडेपासून दीड-दोन सेंटिमीटर सोडा. ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलंय म्हणून त्यात जेवता येतं असं नाही, हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच.

बशी पांढरी, गुळगुळीत, बिनातड्याची घ्या. तडा गेलेली ओव्हनमध्ये दुभंगू शकते. साबणाने धुऊन कोरडी झाली की कापसावर तेलकटपणा काढणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा आणि मग फक्त कडेला धरा. ही पायरी कंटाळवाणी वाटते आणि सगळेच टाळतात. पण जिथे बोटाचा ठसा राहिला, तिथे रंग पसरतच नाही. आक्रसून त्याचे थेंब होतात आणि नक्षीतल्या पानाच्या मधोमध पांढरे डोळे उघडतात. वरून दुसरा हात दिला तरी ते पुन्हा डोकावतात.

नक्षी गोलात बसवायची असेल तर बशीएवढा कागद कापून तीनदा निम्म्यात दुमडा. उलगडला की आठ भाग तयार. घड्यांसमोर काठावर खुणा करा. चित्र कार्बन पेपरने उतरवा, रेष फिकट ठेवा, रंगाखाली झाकली गेली पाहिजे.

ब्रश मऊ सिंथेटिक, 0, 2 आणि 4 नंबरचे पुरतात. शिवाय टूथपिक, ओले इअरबड, स्पंजचा तुकडा, जुनं सुती फडकं. ओली चूक बडने पुसली जाते, वाळलेली टूथपिकने खरवडता येते. भाजल्यावर मात्र विसरा. मनगट टेकायला बशीच्या उंचीची दोन पुस्तकं ठेवा. टाकाऊ टाइलवर प्रत्येक रंगाचा पट्टा ओढून आधी तीच भाजून बघा, फिके रंग जास्त तापले की पिवळट पडतात.

भाजण्याआधी बशी 24 तास वाळू द्या. पाण्यात मिसळणाऱ्या बऱ्याच रंगांना 150 अंशांवर 35 मिनिटं लागतात, तरी आकडा बाटलीवरचाच खरा. बशी थंड ओव्हनमध्ये ठेवा, तापमान गाठल्यावर वेळ मोजा, बंद केल्यावर आतच निवू द्या. मायक्रोवेव्ह चालत नाही.

आणि हो, बशी ओव्हनमध्ये मावते का, ते कोरी असतानाच बघा. माझं एक मोठं तबक चार संध्याकाळी खपून रंगवलं आणि ओव्हनचं दार बोटभर उघडंच राहिलं. आता ते भिंतीवर आहे. फडकंसुद्धा जपून फिरवते.