ग्राइंडर, मार्बल कटर चालवताना कान कसे जपावेत

फरशी कापायची असो की ग्रिलचं वेल्डिंग घासायचं असो, डोळ्यांना चष्मा आता बरेच जण लावतात. कान मात्र उघडेच राहतात. जखम दिसत नाही, रक्त येत नाही, म्हणून हे चालून जातं. पण आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत.

आधी आवाजाचा अंदाज घ्या. दिवसाला 8 तास 85 डेसिबल ही अमेरिकेतल्या नायॉश संस्थेने सुचवलेली मर्यादा. पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो: 88 ला 4 तास, 100 ला फक्त 15 मिनिटं. ग्राइंडर आणि मार्बल कटर सहज शंभरीच्या आसपास जातात. मोजायला काही नसेल तर साधी खूण ठेवा. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल, तर कान झाकायची वेळ झाली.

कापसाचे बोळे विसरा, त्यांनी आवाज फारसा अडत नाही. गाण्यांचे इअरफोन तर उलटे घातक, कारण मशीनवर मात करायला आपण आवाज आणखी वाढवतो. कानात घालायचे फोमचे इअरप्लग घ्या, नाहीतर अख्खा कान झाकणारे गादीचे इअरमफ.

फोमचा प्लग नुसता कानात खुपसला तर बाहेरच लटकतो, आणि बहुतेकांचं इथेच चुकतं. हात धुवा. प्लग बोटांत वळून बारीक, सुरकुती नसलेली वात करा. उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, म्हणजे वाकडी नळी सरळ होते. वात आत सरकवा आणि फोम फुगेपर्यंत, साधारण 20 ते 30 सेकंद, बोटाने धरून ठेवा. मग मशीन चालू करून तळव्यांनी कान झाका (मशीन दुसऱ्याच्या हातात द्या). आवाजात मोठा फरक पडला, तर प्लग नीट बसलेला नाही. काढून पुन्हा घाला.

मफ वापरत असाल तर केस, टोपी, चष्म्याची जाड काडी गादीखाली अडकू देऊ नका. बंद खोलीत हॅमर ड्रिल चालवताना प्लग आणि मफ दोन्ही लावावेत.

पाकिटावर एनआरआर (आवाज किती डेसिबलने कमी होईल तो आकडा) 33 लिहिलेला असला तरी तेवढ्यावर विसंबू नका. त्यातून 7 वजा करून उरलेल्याचं निम्मं धरा, म्हणजे 13. आणि मध्येच काढू नका: तासाभराच्या कामात 6 मिनिटं जरी कान उघडे राहिले, तरी 30 डेसिबलचं संरक्षण 10 वर येतं. म्हणून स्विच दाबायच्या आधी घाला, मशीन पूर्ण थांबल्यावरच काढा.

फरशीवर पाणी सोडणाऱ्या हेल्परलाही प्लग द्या, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तो कटरच्या तितकाच जवळ असतो आणि त्याला कोणी विचारत नाही. मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवा. बोथट ब्लेड बदला, तुकडा शिकंज्यात घट्ट आवळा, थरथर कमी झाली की आवाजही उतरतो.

काम संपल्यावर कानात गुणगुण राहिली किंवा समोरच्याचं बोलणं दबकं वाटलं, तर कानावर ताण पडला आहे. त्या दिवशी पुन्हा मशीन हातात घेऊ नका. रोजचं काम असेल तर वर्षातून एकदा ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या, ऱ्हास बहुधा 4000 हर्ट्झच्या आसपास आधी दिसतो. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर वाट न पाहता त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा.