लेव्हल शिफ्टर मागवण्याआधी

आमच्या लातुरात रेझिस्टर, डायोड दुकानात मिळून जातात. लेव्हल शिफ्टरची, म्हणजे एका व्होल्टेजचा सिग्नल दुसऱ्या व्होल्टेजच्या भागाला जुळवून देणारी नेमकी चिप मात्र मला पार्सलनेच मागवावी लागते. चुकीची आली की आठवडा गेलाच म्हणून समजा. त्यामुळं ऑर्डर टाकायच्या आधी वहीचं एक पान आखायचं. दर वायरीला एक ओळ: सिग्नल देतो कोण, घेतो कोण, किती व्होल्टचा, किती वेगाचा. ‘आठ चॅनेलचा एक बोर्ड घेऊ, सगळं त्यातनं जाईल’ हा विचार पान भरेपर्यंत बाजूला ठेवायचा.

भरता भरताच काही ओळी गळतात. ५ व्होल्टवर चालणारा ऊनो (आर्डुइनोचा कंट्रोलर बोर्ड) ३ व्होल्टच्या वरचं सगळं ‘हाय’, म्हणजे ‘चालू’ सिग्नल धरतो, म्हणून ३.३ व्होल्टच्या सेन्सरचं आउटपुट त्याला थेट जोडा. उलट दिशेला मात्र लाड नकोत. टाकीवरच्या अल्ट्रासॉनिक सेन्सरचा इको (त्याचा आउटपुट सिग्नल) ५ व्होल्टचा, ईएसपी३२ या कंट्रोलर बोर्डाची पिन ३.३ ची. तिथं १ के आणि २ के (किलो-ओहम) असे दोन रेझिस्टर व्होल्टेज विभागायला लावले की ३.३३ व्होल्ट मिळतात. चिप लागतच नाही.

पुढं डेटाशीट (कंपनीचं माहितीपत्रक) उघडून घेणाऱ्याला ‘हाय’ साठी कमीत कमी किती व्होल्ट लागतात ते लिहायचं. हा आकडा मी एकदा पाहिला नाही. महालक्ष्म्यांपुढं डब्ल्यूएस२८१२ एलईडीची, ईएसपीनं चालवलेली पट्टी लावली होती. आदल्या रात्री टेबलावर झकास चालली, सणाच्या दिवशी वेड्यासारखी लुकलुकायला लागली. टेबलावर लॅपटॉपच्या यूएसबीतनं जेमतेम ४.६ व्होल्ट येत होते. पट्टीला पुरवठ्याच्या ०.७ पट लागतात, म्हणजे ३.२२, ईएसपीचे ३.३ कसेबसे पुरले. सणाला चांगला ५ व्होल्टचा अडॅप्टर लावला आणि गरज ३.५ वर गेली! अशा जागी ७४एएचसीटी१२५ ही चिप मागवा, तिला ५ व्होल्ट द्या. नावातला ‘टी’ दोनदा वाचा: टी असलेली चिप २ व्होल्टलाच ‘हाय’ मानते, नुसत्या एचसीला ३.५ लागतात.

आयटूसी, म्हणजे चिपांनी दोन वायरींवर एकमेकींशी बोलायची पद्धत; तिच्या दोन्ही वायरींवर दोन्ही बाजू बोलतात. तिथं बीएसएस१३८ मॉस्फेटचा (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) छोटा बोर्ड घ्यायचा, त्यावर बहुधा १० के चे पुल-अप (वायर ‘हाय’कडे ओढून धरणारे रेझिस्टर) असतातच. ‘२एन७००० मॉस्फेट घरात पडलाय, तोच लावू’ म्हणू नका. त्याचा थ्रेशोल्ड (उघडायला लागणारं व्होल्टेज) ३ व्होल्टपर्यंत असू शकतो, म्हणजे ३.३ वर तो उघडेल न उघडेल. हाच बोर्ड एसपीआय या वेगवान जोडणीला नको, पुल-अपमुळं सिग्नल सावकाश चढतो.

आपोआप दिशा ओळखणाऱ्या लेव्हल शिफ्टर चिपांत टीएक्सबी मालिकेतली आयटूसीला चालत नाही, टीएक्सएस मालिकेतली चालते. दोन्हींत ए बाजूला कमी व्होल्टेज, आणि ओई (चिप चालू-बंद करणारी) पिन मोकळी सोडायची नाही.

आता लाईटचा प्रश्न. आपल्याकडं ती कधीही जाते. ५ व्होल्ट बॅटरीवर आणि ३.३ अडॅप्टरवर असेल, तर बंद पडलेल्या ईएसपीत पिनमधनं करंट घुसतो. दोन्ही पुरवठे एकाच ठिकाणाहून काढा.

ऑर्डरीत दर चिपमागे ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका, पाय ब्रेडबोर्डात बसणारे आहेत ना ते पाहा, आणि एक चिप जास्तीची घ्या.