चिनी वेब कादंबरी वाचताना पात्रांची नोंद कशी ठेवावी

हजार-दीड हजार प्रकरणांची कादंबरी संपवून एखाद्या पात्राबद्दल लिहायला बसलं की हाती विशेषणंच उरतात. नायक हुशार, गुरू कडक, खलनायक दुष्ट. वाचन चार-सहा महिने चाललेलं असतं आणि आठवण शेवटच्या आठवड्याची असते, म्हणून असं होतं. नोंद वाचतावाचताच करा. नागपुरात खापरीहून ऑटोमोटिव्ह चौकाकडे जाताना मेट्रोत तीन-चार प्रकरणं सहज होतात. उतरण्याआधी मोबाइलमध्ये दोन ओळी टाका आणि रात्री त्या दोनशेपानी वहीत उतरवा. प्रत्येक मोठ्या पात्राला एक पान द्या आणि प्रत्येक ओळीआधी प्रकरणाचा आकडा लिहा. आकडा नसलेली नोंद पुढे काहीच कामाची नसते.

पानाच्या माथ्यावर पूर्ण नाव लिहा. चिनीत आडनाव आधी येतं. नाव देवनागरीत लिहा, तसं ते डोक्यात पक्कं बसतं. रोमन लिपीत लिहिलेल्या चिनी नावातला एक्स म्हणजे जवळपास आपला श आणि क्यू म्हणजे छ. झेड म्हणजे ‘चमचा’तला च, तर झेडनंतर एच आला की ‘चहा’तला च. हे दोन च इंग्रजी वाचकाला धडपणे सापडत नाहीत, आपल्याला मात्र ते लहानपणापासून येतात. नावाखाली त्या पात्राची बाकीची नावं लिहा: मोठेपणी मिळालेलं नाव, पदवी, घरातलं लाडाचं नाव. हे केलं नाही तर एकच माणूस तीन वेगळी माणसं वाटतो.

खरी मेहनत संबोधनांवर घ्या, कारण माणसामाणसांतलं नातं तिथेच उघड होतं. ‘शीश्योंग’ म्हणजे एकाच गुरूकडचा थोरला, ‘शीदी’ म्हणजे धाकटा. ‘गुरुबंधू’ म्हटलं की हा थोरला-धाकटा भेद पुसला जातो, म्हणून वहीत मूळ शब्दच ठेवा. थोरलेपण बहुधा गुरूकडे आधी कोण आलं यावर ठरतं, वयावर नाही. तिशीतला माणूस विशीतल्या पोराला शीश्योंग म्हणताना दिसला तर ती अनुवादाची चूक समजू नका. पात्र स्वतःला काय म्हणवून घेतं तेही टिपा. कोणी ‘हा म्हातारा’ म्हणतो, कोणी ‘ही दासी’, तर संप्रदायाचा प्रमुख ‘हे आसन’ असंही म्हणतो. इंग्रजी अनुवादात या सगळ्यांचा बरेचदा एकच ‘आय’ होऊन जातो. संबोधन बदललं की त्या ओळीला चांदणी करा. ‘अहो’वरून ‘अगं’वर येणं जेवढं मोठं, तेवढंच हे.

आता प्रसंग. प्रकरण साधारण दोन-तीन हजार चिनी अक्षरांचं असतं. 2003पासून छीत्यान या संकेतस्थळावर वाचक हजार अक्षरांच्या हिशेबाने पैसे मोजू लागले आणि ती पद्धत पसरली. म्हणून प्रकरण ऐन मोक्यावर तुटतं आणि एकच मेजवानी चार प्रकरणं चालते. मत प्रकरणावर बनवू नका, प्रसंग पूर्ण झाल्यावर बनवा. सुरुवातीची प्रकरणं फुकट असतात, वाचक धरून ठेवण्यासाठी ती भरधाव लिहिलेली असतात. त्यांवरून नायकाला उथळ ठरवलं तर घाई होईल.

अपमानाच्या प्रसंगात बघे मोजा. आपल्याकडे जे नाकाचं, ते चिनीत चेहऱ्याचं. एकांतातली थप्पड पात्र विसरेल, चाळीस जणांसमोरची नाही. आधी कोण बोललं, कोण गप्प बसलं आणि नंतर समेटाचा चहा कोणी ओतला, एवढ्या तीन गोष्टी लिहा.

विशेषण टाळून कृती लिहिणं म्हणजे काय, ते असं:

‘प्र. 212. औषधाची वाटी दाराबाहेर ठेवते. हाक मारत नाही. सकाळी वाटी तशीच, वर साय धरलेली. पुन्हा गरम करून तिथेच ठेवते.’

यापुढे ‘प्रेमळ आहे’ असं लिहायची गरजच उरत नाही.

वेळ आणि अंतर याच वहीत मागच्या पानावर मांडा. ‘शीछन’ या वेळेच्या जुन्या चिनी मापाचा अनुवाद ‘प्रहर’ झालेला दिसला तर सावध व्हा. आपला प्रहर तीन तासांचा, शीछन दोन तासांचा. दिवसाचे प्रहर आठ, शीछन बारा. ‘उदबत्ती जळेपर्यंत’ म्हणजे ढोबळमानाने अर्धा तास धरा. अंतर लीमध्ये मोजतात; आजचा एक ली म्हणजे 500 मीटर, म्हणजे शंभर ली हे नागपूर-रामटेक इतकं अंतर. जुन्या काळात ली कमीजास्त होत असे, पण नायक एका रात्रीत पायी पोहोचेल का, एवढं ताडायला हा अंदाज पुरतो. पात्रं साधना करून शक्ती वाढवत जातात अशी कादंबरी असेल तर साधनेच्या पायऱ्याही इथेच लिहा: छी-शुद्धी (छी म्हणजे प्राणशक्ती), पाया, सुवर्णगोलक, नवजात आत्मा. पुढच्या पायऱ्या लेखकागणिक बदलतात.

यंत्राने केलेला अनुवाद वाचत असाल तर ‘तो’ आणि ‘ती’ यांवर विश्वास ठेवू नका. चिनी वाक्यात कर्ता वरचेवर गाळलेला असतो आणि यंत्र तो अंदाजाने भरतं. त्यात इंग्रजीवरून पुन्हा मराठी करून घेतलं तर क्रियापदाचं लिंगही घसरतं. संवाद कोणाचा आहे हे सर्वनामावरून नाही, संबोधनावरून ठरवा. तरीही उलगडलं नाही तर समासात प्रश्नचिन्ह टाकून पुढे जा. पाच-दहा प्रकरणांत तेच पात्र पुन्हा बोलतं, तेव्हा मागे येऊन ते खोडा.