फिटनेस ॲप वापरायला कसं आहे हे तपासताय? मग या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक आधीच सांगून टाकते, ती म्हणजे लोकांना पंख्याखाली खुर्चीत बसवून फिटनेस ॲपची टेस्ट घेणं. कोरडे हात, फुल वायफाय, बाजूला चहा, अशात कुठलंही ॲप चांगलंच वाटणार ना! आमच्याकडे रत्नागिरीत मे महिन्यात नुसतं अंगणात उभं राहिलं तरी घाम निथळतो, आणि टचस्क्रीनला घामाचा थेंबसुद्धा बोटासारखाच वाटू शकतो, मग पॉज दाबायला जावं तर अख्खा वर्कआउटच बंद होतो. म्हणून आधी माणसाला थोडे स्क्वॉट्स मारू दे, झेपेल तेवढा दम लागू दे आणि त्याच दमात सांगा, सेट नोंदवा, टायमर थांबवा. बटण किमान ४८ डीपी (स्क्रीनवरचं माप), म्हणजे साधारण ९ मिलिमीटरचं हवं असं गूगलची डिझाइन गाइडलाइन सांगते, ते का हे तिथे दिसतं.

दुसरं म्हणजे "कसं वाटलं?" हा प्रश्न. एरवी नारळ नासका निघाला तर दुकानदाराला चार शब्द सुनावणारा आमचा माणूस, ॲप ओळखीच्या पोराने बनवलंय कळलं की "बरा आसा" म्हणून मोकळा होतो. त्या "बरा आसा"चं काय करणार तुम्ही? त्यापेक्षा काम द्या, "काकू, काल तुम्ही किती चाललात ते यात शोधून दाखवा बघू", आणि मग गप्प बसा. हे गप्प बसणंच जमत नाही कोणाला. बोट चुकीकडे गेलं की लगेच "तिथे नाय, वर बघा वर", झालं, टेस्ट तिथेच संपली.

आकडे हवे असतात तेव्हा बरेच जण सिस्टिम युजेबिलिटी स्केल वापरतात, म्हणजे वापरायला किती सोपं वाटलं हे मोजणारी, जॉन ब्रूकने १९८६ साली बनवलेली १० वाक्यांची प्रश्नावली. चांगली आहे, पण स्कोअर ६८ आला की "अडुसष्ट टक्के, फर्स्ट क्लास" असं नसतं हो, ६८ ही साधारण सरासरी आहे. शिवाय त्यात एक वाक्य कौतुकाचं, पुढचं तक्रारीचं असं आलटून पालटून असतं, त्यामुळे न वाचता सगळीकडे "पूर्ण सहमत" मारलं तर स्कोअर बरोबर ५० येतो. असा फॉर्म दिसला की बाजूला ठेवा, सरासरीत घेऊ नका.

आणि टेस्टला पाच माणसं पुरतात हे युजेबिलिटी तज्ज्ञ जेकब नीलसनचं म्हणणं सगळे ऐकून असतात, पण ते एकाच प्रकारच्या युजरबद्दल आहे. जिममधले पाच मित्र म्हणजे रत्नागिरी नव्हे. जिमवाला, गुडघेदुखीमुळे चालायला लागलेल्या मावशी, होडीवरचा खलाशी, प्रत्येक प्रकारचे तीन-चार तरी घ्या. खलाशी दिवसभर जाळं ओढतो आणि ॲप त्याला संध्याकाळी म्हणतं, आज तुम्ही बसूनच होतात!

आता सगळ्यात जास्त येणारी तक्रार, पावलं चुकीची दाखवतो. इथे लगेच ॲपला नापास करू नका, क्रमाने बघा. अँड्रॉइड १० पासून शारीरिक हालचालीची परवानगी वेगळी द्यावी लागते, ती घाईत नाकारली गेलेली असते. ती दिलेली असेल तर बॅटरी सेव्हर बघा, बरेच फोन मागे चालू असलेलं ॲप गुपचूप बंद करतात. तेही ठीक असेल तर फोन होता कुठे ते विचारा. साडीला खिसा नसतो, फोन पिशवीत नाहीतर घरी चार्जिंगला, मग पावलं मोजणार कोण? उलट खड्ड्यांतून बाईकवर गेलं तरी कधीकधी पावलं वाढतात, मुंबई-गोवा हायवेवाल्यांना वेगळं सांगायला नको. पण परवानगी नाहीये हे ॲपने स्वतःहून साध्या मराठीत सांगितलं नाही आणि नुसतं शून्य दाखवलं, तर मात्र तो यूएक्सचाच, म्हणजे ॲप वापरण्याच्या अनुभवाचाच दोष, बिनधास्त लिहा.

नकाशाचंही तसंच. दाट माडापोफळींच्या वाडीत जीपीएस भरकटतो, रेघ शेजारच्याच्या आगरातून गेलेली दिसते. जांभ्या दगडाची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट चढून गेलात तर ॲप फक्त "वेग कमी झाला" म्हणतं. भाट्याच्या किनाऱ्यावर ओहोटीला ओल्या घट्ट वाळूत चालणं आणि वरच्या भुसभुशीत वाळूत चालणं यात केवढा फरक, मऊ वाळूत कडक जमिनीच्या दुपटीच्या आसपास ऊर्जा लागते, पण अंतर तेच म्हणून कॅलरी तीच लावतात. तेव्हा टेस्ट एका सपाट रस्त्यावर उरकू नका.

पहिल्या आठवड्याच्या उत्साहावर तर अजिबात विसंबू नका. जूनमध्ये पाऊस धरला की फिरणं बंद, गणपतीत चाकरमानी आले की व्यायाम कसला आणि काय. अशी स्ट्रीक, म्हणजे सलग दिवसांची साखळी, तुटलेला माणूस परत आल्यावर ॲप त्याला काय म्हणतं ते बघा. लाल रंगात "तुम्ही मागे पडलात" म्हणालं तर तो डिलीटच करणार. रोजच्या १०,००० पावलांचं टार्गेट आपोआप लावतात तेही तपासा. तो आकडा १९६५ च्या सुमाराला जपानमध्ये एक पेडोमीटर विकायला काढला तेव्हाचा आहे, जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम म्हणते, पावलं नाही. साठीच्या माणसाला पहिल्याच दिवशी १०,००० दाखवून घाबरवण्यात काय अर्थ आहे?

जेवणाच्या नोंदीत घावणे, पेज, सोलकढी मराठीत टाइप करून सापडतायत का तेवढं बघून घ्या.

आणि शेवटी फ्री ट्रायल बंद करायचं काम टेस्टमध्ये ठेवाच, ते कोणीच ठेवत नाही. ॲप काढून टाकलं की पैसे कापायचे थांबतात असं बहुतेकांना वाटतं, तसं नसतं, प्ले स्टोअरमधून सबस्क्रिप्शन वेगळं रद्द करावं लागतं आणि यूपीआय ऑटोपे लावला असेल तर तोही आपल्या यूपीआय ॲपमध्ये जाऊन तपासावा लागतो. फोन हातात द्या, "हे बंद करून दाखवा" म्हणा आणि कुठल्या स्क्रीनवर माणूस अडकतो ते लिहून घ्या.