धमनी म्हणजे शुद्ध रक्त नव्हे! शरीरसंस्था शिकताना या चुका टाळा

‘धमनीतून शुद्ध रक्त वाहते आणि शिरेतून अशुद्ध.’ आठवीच्या उत्तरपत्रिका तपासताना हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलं आहे की पानावर ‘धमनी’ शब्द दिसला की हातातलं लाल पेन तिथेच थांबतं. यात मुलांचा दोष कमी आहे. गाईड, क्लास, मोठी भावंडं सगळे हेच सांगतात, कारण ते दोन मिनिटांत पाठ होतं. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मीही वर्गात हेच सांगत होतो.

हृदयापासून रक्त दूर नेते ती धमनी, हृदयाकडे परत आणते ती शीर. व्याख्या एवढीच. रक्तात ऑक्सिजन किती आहे, याचा त्या नावाशी संबंध नाही. उजव्या निलयातून, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यातून, निघणारी फुप्फुसधमनी कमी ऑक्सिजनचं रक्त नेते आणि फुप्फुसशिरा ऑक्सिजन भरलेलं रक्त डाव्या अलिंदात, म्हणजे वरच्या कप्प्यात, आणून सोडतात. गर्भाच्या नाळेतही असंच असतं. तिच्यातल्या दोन धमन्या बाळाकडून वारेकडे कमी ऑक्सिजनचं रक्त नेतात आणि एकुलती एक शीर ऑक्सिजन घेऊन परत येते.

हे मला नीट उमगलं ते तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात. आमच्या शाळेच्या चार मुलींनी रुधिराभिसरणाचं चालतं मॉडेल केलं होतं. थर्माकोलचा बोर्ड, सलाईनच्या नळ्या, माशांच्या टाकीतला छोटा पंप. एका बाजूच्या नळ्यांत खाण्याचा लाल रंग, दुसऱ्या बाजूला कपड्यांची नीळ कालवलेलं पाणी. आठवडाभर खपून केलेलं आणि अगदी बरोबर जमलेलं. आदल्या रात्री एकीने गाईड उघडलं, त्यात ‘धमनी : शुद्ध रक्त’ वाचलं, आणि चौघींनी सकाळी लवकर येऊन फुप्फुसधमनी लाल केली, फुप्फुसशिरा निळी. मला सांगायला त्यांना वेळच नव्हता.

परीक्षक बाई आल्या, नळ्यांवरून बोट फिरवत गेल्या आणि एकच प्रश्न विचारला, “म्हणजे फुप्फुसात लाल रक्त गेलं आणि निळं होऊन बाहेर आलं. मग फुप्फुसाने काय काम केलं?” चौघी गप्प. त्यांच्यातली जी सगळ्यात हुशार, ती रडायला लागली. तिला ऑक्सिजन कुठे मिळतो हे पक्कं ठाऊक होतं. पण व्याख्या आणि रक्ताचा रस्ता यांत तिने व्याख्येवर विश्वास ठेवला. तो विश्वास ठेवायला आम्हीच शिकवलं होतं, हे मला फार लागलं.

तेव्हापासून माझा एक हट्ट आहे. आकृती आधी पेन्सिलने, मग बाण, मग नावं, आणि रंग सगळ्यात शेवटी. एकाच थेंबावर बोट ठेवायचं आणि निघायचं : शरीराकडून उजवं अलिंद, उजवं निलय, फुप्फुसं, डावं अलिंद, डावं निलय, महाधमनी, पुन्हा शरीर. जिथे बोट फुप्फुसातून बाहेर पडतं तिथून लाल पेन्सिल घ्यायची. ज्यांना आधी रंग भरायची घाई असते, त्यांची आकृती सुंदर दिसते आणि हमखास चुकते.

‘अशुद्ध’ हा शब्दही सोडून द्या. माणूस स्वस्थ बसलेला असताना शिरांतून परतणाऱ्या रक्तातल्या हिमोग्लोबिनवर जवळजवळ तीन चतुर्थांश ऑक्सिजन शिल्लकच असतो. त्याचा रंग गडद लाल असतो, निळा कधीच नाही. मनगटावर दिसणारी निळसर रेघ ही त्वचेतून जाणाऱ्या-येणाऱ्या प्रकाशाची करामत आहे. निळा रंग फक्त आकृतीच्या सोयीसाठी आहे, हे मुलांना स्पष्ट सांगा.

आकृतीतलं डावं-उजवं चुकत असेल तर वही छातीशी, चित्र बाहेर करून धरा. आता तुमची उजवी बाजू तीच हृदयाची उजवी.

दुसरी चूक श्वासाची. “हवा आत शिरते म्हणून छाती फुगते.” नाही, नेमकं उलट आहे. श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा, आकुंचन पावून खाली सरकतं, फासळ्या वर आणि बाहेर उचलल्या जातात, छातीच्या पोकळीतली जागा वाढते, आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी होतो, आणि म्हणून हवा आत येते. फुप्फुसांना स्वतःला फुगवणारे स्नायू नाहीत.

यासाठी सगळे बाटली-फुग्याचं मॉडेल करतात : तळ कापलेली बाटली, तोंडातून नळी, नळीच्या टोकाला फुगा, तळाला ताणून बांधलेलं रबर. मुलं बुचाशी सांधा घाईत चिकटवतात, तिथून हवा निसटते, रबर ओढलं तरी फुगा हलत नाही. मग सर जवळ आले की हळूच वरून नळीत फुंकर मारून फुगा फुगवून दाखवतात. म्हणजे जी समजूत मोडायची, तीच पक्की झाली! सांधा एम-सीलने बंद करा, रात्रभर वाळू द्या, दुसऱ्या दिवशी रबर लावा. एका तासिकेत हे मॉडेल होत नाही, आणि मी ते होऊही देत नाही. एवढं मात्र सांगा की बाटलीत फुग्याभोवती मोकळी जागा दिसते, तशी छातीत नसते. फुप्फुसं छातीच्या भिंतीला पातळ द्रवाच्या थराने लगटून असतात.

श्वासोच्छ्वास आणि श्वसन एक नव्हे. हवा आत-बाहेर होणं हा पहिला भाग, पेशीत ग्लुकोजपासून ऊर्जा मिळणं हा शेवटचा. आणि आपण ऑक्सिजन घेतो नि फक्त कार्बन डायऑक्साइड सोडतो, असंही नाही. आत घेतलेल्या हवेत सुमारे 21 टक्के ऑक्सिजन असतो, उच्छ्वासात तरीही 16 टक्क्यांच्या आसपास उरतो.

पित्तरस यकृतात तयार होतो; पित्ताशय तो फक्त साठवतं.

मोठं आतडं रुंदीने मोठं. लांबीत लहान आतडं, साधारण 6 मीटर, त्याच्या कितीतरी पुढे.

नाडी अंगठ्याने मोजू नका, अंगठ्याची स्वतःची नाडी लागते. तर्जनी आणि मधलं बोट ठेवा.

शौच म्हणजे उत्सर्जन नव्हे. न पचलेलं अन्न बहुतांशी पेशींत गेलेलंच नसतं. उत्सर्जन म्हणजे पेशींतल्या कामातून तयार झालेला टाकाऊ भाग बाहेर जाणं, जसा लघवीतून जाणारा युरिया.

आणि मूत्रपिंडाला नुसती ‘गाळणी’ म्हणून सोडून देऊ नका. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात आणि लघवी होते दीड लिटरच्या आसपास. बाकीचं पाणी, ग्लुकोज, क्षार नेफ्रॉनच्या (मूत्रपिंडातल्या रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म घटकाच्या) नळीतून परत रक्तात घेतले जातात. आकृतीत मुलं नळीकडून लघवीकडे जाणारा एकच बाण काढतात. मी तिथे नळीकडून केशवाहिन्यांकडे परतणारा दुसरा, जाड बाण काढायला लावतो, आणि तो नसेल तर अर्धा गुण कापतो.